दारू बंद झाल्यानंतरचा मेंदू कसा सांभाळावा

अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने दारू बंद केली की आता त्याचा चेहरा खुलेल, अशी घरच्यांची अपेक्षा असते. बहुतेक घरांत उलटेच घडते. पंधरा दिवसांत हातांची थरथर थांबलेली असते, जेवण जाऊ लागलेले असते, आणि तरीही माणूस चिडखोर, उदास, कशातच रस नसल्यासारखा एका कोपऱ्यात बसून असतो. ‘याच्यापेक्षा पीत होता तेव्हा निदान बोलत तरी होता’ हे वाक्य पत्नीच्या किंवा आईच्या तोंडून याच टप्प्यावर निघते, आणि पुन्हा पिणे सुरू होण्याचा मोठा धोकाही याच टप्प्यावर असतो. या अवस्थेला स्वभावदोष किंवा कमकुवत इच्छाशक्ती समजून केलेले उपाय फसतात, कारण तिचे मूळ मेंदूतील संप्रेरके आणि नैसर्गिक ओपिऑइड (मेंदू स्वतः बनवतो ती अफूसारखी द्रव्ये) यांच्या बिघाडात असते. हा बिघाड कसा होतो आणि तो भरून येईपर्यंत रुग्णाने व घरच्यांनी काय करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

बिघाड नेमका काय आहे

अफू आणि मॉर्फिन यांचा मेंदूवर परिणाम होतो, कारण मेंदूतील पेशींवर त्यांना धरून ठेवणारे रिसेप्टर असतात. खसखशीच्या बोंडातील द्रव्यासाठी माणसाच्या मेंदूत अशी सोय का असावी, या प्रश्नाचे उत्तर १९७५ साली स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे मिळाले. जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टर्लिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे द्रव्य वेगळे केले आणि मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो, हे सिद्ध झाले. पुढे याच कुळातील बीटा-एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन हाती लागले. एन्केफॅलिन आणि बीटा-एंडॉर्फिन वेदना कमी करतात, समाधान देतात, आपल्या माणसांत बसल्यावर वाटणारा निवांतपणाही काही अंशी त्यांच्यामुळे असतो. डायनॉर्फिनचे काम याच्या उलट आहे. ते कप्पा नावाच्या वेगळ्या रिसेप्टरवर बसते आणि अस्वस्थता, खिन्नता, नकोसेपणा निर्माण करते.

दारू पोटात गेली की बीटा-एंडॉर्फिन सुटते, त्यामुळे डोपामाइन या ओढ लावणाऱ्या रसायनावरचा लगाम ढिला होतो आणि ‘बरे वाटले’ याची नोंद मेंदू पक्की करून ठेवतो. माणसाच्या मेंदूत हे खरोखर घडते, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१२ साली पेट स्कॅनच्या (मेंदूतील रसायनांचे काम टिपणाऱ्या तपासणीच्या) साहाय्याने दाखवले. सर्वांच्या बाबतीत हा परिणाम सारखा नसतो. ज्यांच्या घराण्यात व्यसन आहे, अशा व्यक्तींमध्ये बीटा-एंडॉर्फिनची मूळ पातळी कमी आणि दारूमुळे होणारी वाढ मात्र जास्त असते, असे मॉन्ट्रियल येथील अभ्यासांत आढळले आहे. एकाच बैठकीतील दोन मित्रांपैकी एक दुसऱ्या पेगनंतर उठून घरी जातो आणि दुसऱ्याला उठवत नाही, यामागे हेही एक कारण असू शकते.

वर्षानुवर्षे रोज बाहेरून रेटा मिळत राहिला की मेंदू आपली घडी बदलतो. बीटा-एंडॉर्फिनची निर्मिती मंदावते, डायनॉर्फिनचा जोर वाढतो आणि भीती व ताण सांभाळणाऱ्या अमिग्डला या भागात सीआरएफ नावाचे ताणाचे द्रव्य वाढते. मजेसाठी पिणे या काळात केव्हाच संपलेले असते. सकाळी घेतला जाणारा ‘उतारा’ हा नुसते माणसात येण्यासाठी असतो.

संप्रेरकांचा भाग याला अगदी जवळून जोडलेला आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून सुटणारे सीआरएफ पिट्यूटरी ग्रंथीला इशारा देते, पिट्यूटरी एसीटीएच सोडते आणि त्याच्या हुकुमावरून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसॉल तयार करतात. एसीटीएच आणि बीटा-एंडॉर्फिन ही दोन्ही प्रोओपिओमेलॅनोकॉर्टिन या एकाच मोठ्या प्रथिनाचे तुकडे पडून तयार होतात. ताणाचे संप्रेरक आणि ताण शमवणारे द्रव्य असे एकाच मुळातून निघत असल्यामुळे दारूने एकाला धक्का लावला की दुसरेही जागेवर राहत नाही. दीर्घकाळ पिणाऱ्या काही जणांमध्ये कॉर्टिसॉल इतके वाढलेले राहते की चेहरा गोल व सुजलेला, पोट सुटलेले, हातपाय मात्र काटकुळे, आणि रक्तदाब व साखर चढलेली, असे कुशिंग विकाराची आठवण करून देणारे चित्र दिसते. दारू सुटल्यावर ते बहुतांशी मागे जाते.

बंद करण्याआधी मोजणी करा

भारतात दारूचे एक प्रमाणित माप म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असे धरतात. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीचा किंवा रमचा ३० मिलीचा पेग म्हणजे एक माप. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा मापे. ८ टक्के अल्कोहोलच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली चार मापांच्या थोडी वर जाते, त्यामुळे ‘मी फक्त बिअर घेतो’ या उत्तराला वैद्यकीय अर्थ नाही. हातभट्टीच्या दारूत किती अल्कोहोल आहे याचा भरवसाच नसतो. तेथे किती घेतली यापेक्षा दिवसाचा पहिला घोट किती वाजता लागतो, हे विचारावे. डॉक्टरांकडे जाताना मागील आठवड्याचा हिशेब कागदावर लिहून न्यावा, आणि तो पत्नीला किंवा भावाला वाचून दाखवावा, कारण पिणाऱ्याचा आकडा जवळजवळ नेहमीच कमी असतो.

दुसरी तपासणी घरातच होते. सकाळी, पहिला घोट घेण्याआधी, त्या व्यक्तीला दोन्ही हात समोर ताठ धरून बोटे फाकवायला सांगा आणि पंज्यांवर एक पातळ कागद ठेवा. थरथर बारीक असेल तरी कागदाची कडा हलताना स्पष्ट दिसते. कप बशीवर खडखडत असेल, चहा दोन्ही हातांनी धरून प्यावा लागत असेल, कपाळावर घाम असेल आणि घोटभर दारूने हे सारे अर्ध्या तासात शमत असेल, तर शरीर दारूवर अवलंबून झाले आहे असे समजावे. अशा माणसाने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये.

येथे आपल्याकडील एका सवयीबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. आषाढी अमावास्येपर्यंत तुडुंब प्यायचे, श्रावण लागला की थेंबही घ्यायचा नाही आणि गणपती उठले की पुन्हा सुरू करायचे, याला अनेक घरांत संयमाचे लक्षण मानले जाते. थोडे पिणाऱ्याला त्याने अपाय होत नाही. जो अवलंबून आहे त्याच्या मेंदूवर मात्र प्रत्येक अचानक बंदीचा आघात साठत जातो, आणि आधी नुसती थरथर झालेल्या माणसाला पुढे कधीतरी अशाच बंदीत फिट येऊ शकते. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत दुकाने एकाएकी बंद झाली, तेव्हाही अशी अचानक तुटलेली दारू अनेकांना रुग्णालयापर्यंत घेऊन गेली.

पहिले पाच दिवस

शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड आणि निद्रानाश सुरू होतो. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत सर्वाधिक असतो. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांना डेलिरियम ट्रेमेन्स होतो: वेळकाळाचे भान सुटते, भिंतीवर किडे किंवा माणसे दिसू लागतात, ताप येतो, नाडी धावते. उपचार न मिळाल्यास ही अवस्था जीवघेणी ठरते. या वादळाचे मुख्य कारण म्हणजे मेंदूला शांत करणारी गाबा यंत्रणा दुबळी झालेली असते आणि उत्तेजित करणारे ग्लुटामेट मोकाट सुटते. त्याच वेळी कॉर्टिसॉल शिगेला पोहोचते, म्हणून नुसत्या धीराच्या बोलण्याने रुग्ण शांत होत नाही.

पूर्वी फिट किंवा भ्रम झालेला असेल, यकृताचा विकार, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, वय जास्त असेल किंवा स्त्री गरोदर असेल, तर हे पाच दिवस रुग्णालयातच काढावेत. इतरांनाही डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधे देतात आणि काही दिवसांत ती उतरवत आणून बंद करतात. या गोळ्या घरच्यांनी आपल्या ताब्यात ठेवाव्यात. त्यांच्यावर दारू घेतली तर श्वास मंदावू शकतो, आणि ठरलेल्या मुदतीपुढे त्या घेत राहिल्यास त्यांचीच सवय लागते.

फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात मोलाची मिनिटे जातात.

गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा’ अशी गळ घालणे हा आणखी एक घातक प्रघात आहे. दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, फार कमी झालेले असते. अशा शरीरात थायमिनशिवाय ग्लुकोज ओतले, तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि वेर्निके विकार उद्भवू शकतो. त्यात डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो, गोंधळ उडतो, आणि वेळीच उपचार न झाल्यास नवीन काहीही लक्षात न राहण्याची कायमची अवस्था येते. सलाईन लावण्याची वेळ आलीच तर ‘थायमिनचे इंजेक्शन आधी किंवा सोबत देणार का?’ हा प्रश्न डॉक्टरांना नि:संकोच विचारावा.

पुढचे तीन महिने: हा खरा चढ

पाचव्या-सहाव्या दिवशी रुग्ण उठून बसतो, आणि घरच्यांना वाटते की गड सर झाला. ओपिऑइड आणि ताणाच्या संप्रेरकांच्या दृष्टीने काम आता कुठे सुरू झालेले असते. दारूचा रेटा गेला, पण एंडॉर्फिनची निर्मिती अजून मंदच आहे. डायनॉर्फिन आणि सीआरएफ मात्र चढलेलेच आहेत. कॉर्टिसॉलची यंत्रणा काही आठवडे थकल्यासारखी वागते, त्यामुळे साध्या वादालाही शरीर नीट तोंड देऊ शकत नाही आणि तो ताण थेट दारूच्या तलफेत उतरतो. पेट स्कॅनच्या काही अभ्यासांत नुकतीच दारू सोडलेल्यांच्या मेंदूत एंडॉर्फिनला धरणारे म्यू रिसेप्टर नेहमीपेक्षा जास्त मोकळे आढळले, आणि ते जितके जास्त तितकी तलफही तीव्र होती. जेवणाची चव, मुलांचे हसणे, क्रिकेटचा सामना, यांपैकी काहीच मनाला भिडत नाही, याचे हे शरीरातील कारण आहे.

ही गोष्ट रुग्णाला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवावी. ‘तुम्हाला काही आठवडे कशातच राम वाटणार नाही, हा आजाराचाच भाग आहे आणि तो ओसरतो’ एवढे डॉक्टरांच्या तोंडून आधी ऐकलेले असले, तर माणूस त्या उदासीचा अर्थ ‘दारूशिवाय आपले आयुष्य असेच’ असा लावत नाही. दारूमुळे आलेली बरीचशी उदासी दोन ते चार आठवड्यांत उतरू लागते. ती उतरली नाही, किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे कानावर आले, तर वाट पाहू नये. मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे, तातडीची वेळ असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

पहिल्या महिन्यात घरातील जुने हिशेब काढू नयेत. उधारी, मोडलेले दागिने, चुकलेल्या शाळेच्या फिया, भावकीचा वाद, हे सारे खरे असते आणि पत्नीचा संतापही रास्त असतो. तरीही ताणाला उत्तर देणारी यंत्रणा ठिकाणावर नसताना या विषयांचा परिणाम बहुधा एकच होतो. एखादा ज्येष्ठ नातेवाईक मध्ये घालून ही बोलणी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यावर ढकलावीत. पत्नीला तोवर मन मोकळे करण्यासाठी वेगळी जागा हवी. व्यसनमुक्ती केंद्रांत पत्नींसाठी गट चालतात, तेथे तिने अवश्य जावे.

शरीराच्या स्वतःच्या एंडॉर्फिनला चालना देण्याचे मार्ग साधे आहेत, आणि साधे असल्यामुळेच ते टाळले जातात. २००८ साली जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात लांब पल्ल्याच्या धावण्यानंतर मेंदूत नैसर्गिक ओपिऑइड सुटल्याचे दिसले. फिनलंडमधील तुर्कू येथे मित्रांसोबत मनसोक्त हसण्यानंतरही तसेच दिसले. नुकत्याच सावरलेल्या माणसाने दोन तास धावावे असा याचा अर्थ नाही. रोज ठरलेल्या वेळी घाम येईपर्यंत चालावे, आणि ती वेळ शक्यतो पूर्वीच्या पिण्याची असावी, कारण संध्याकाळी साडेसहाला मेंदू सवयीने वाट पाहू लागतो. एकट्याने चालण्यापेक्षा कोणाबरोबर तरी चालावे. गावच्या भजनी मंडळात टाळ घेऊन बसणे, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या परस्परमदत गटाच्या) मीटिंगला जाणे, आखाड्यात किंवा नाट्यसंस्थेत जुन्या ओळखी जाग्या करणे, हेही या हिशेबात धरावे. हे औषधाला पर्याय नाहीत, पण औषध जे करू शकत नाही ते यांतून मिळते.

गोड खाण्याची इच्छा या काळात अनेकांना अनावर होते. गोड चवही याच ओपिऑइड मार्गांना स्पर्श करते. मधुमेह नसेल तर खिशात गूळदाणे किंवा चिक्की ठेवण्यास हरकत नाही. उपाशी राहणे मात्र कटाक्षाने टाळावे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या की तलफ येणारच, असे धरून चालावे.

झोपेबद्दल थोडक्यात: ती काही आठवडे, कधी काही महिने, तुटक राहते आणि दारू पिण्याची स्वप्ने पडतात. या स्वप्नांनी घाबरू नये. झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत आणि दुपारनंतर चहा बंद करावा.

नाल्ट्रेक्सोन: डॉक्टरांशी कसे बोलावे

नैसर्गिक ओपिऑइडचे हे सारे ज्ञान ज्या औषधात थेट उतरले, ते नाल्ट्रेक्सोन. ते ओपिऑइड रिसेप्टरवर बसून एंडॉर्फिनचा मार्ग अडवते, त्यामुळे दारू घेतली तरी तिची ‘किक’ बोथट होते आणि पहिल्या पेगवरून पाचव्यावर जाण्याची ओढ कमी होते. अमेरिकेत १९९२ साली दोन स्वतंत्र गटांनी त्याची उपयुक्तता प्रसिद्ध केली आणि १९९४ साली तेथे दारूच्या व्यसनासाठी त्याला मान्यता मिळाली. भारतात ५० मिलिग्रॅमची गोळी उपलब्ध आहे आणि ती सहसा दिवसातून एकदा, जेवणानंतर देतात. सुरुवातीला मळमळ किंवा डोकेदुखी होऊ शकते. हे औषध रामबाण नाही. काहींना त्याचा स्पष्ट फायदा होतो, काहींना जाणवतही नाही. तीन महिने नियमित घेऊन पाहिल्याखेरीज मात्र ते निरुपयोगी ठरवू नये.

ते लिहून घेण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारताच सांगाव्यात. पहिली, ट्रामाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, मॉर्फिन, अफू किंवा ब्राऊन शुगर यांपैकी काही गेल्या ७ ते १० दिवसांत पोटात गेले आहे का. गेले असल्यास नाल्ट्रेक्सोनमुळे अचानक तीव्र त्रास सुरू होतो. कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची पाने सोबत न्यावीत, कारण ट्रामाडॉल अनेकदा तेथेच सापडते. दुसरी, कावीळ किंवा जलोदर झाला होता का, आणि यकृताच्या तपासण्या कधी केल्या. यकृत फार खराब असल्यास डॉक्टर बॅक्लोफेन किंवा, मूत्रपिंडे ठीक असतील तर, अ‍ॅकॅम्प्रोसेट यांचा विचार करतात. तिसरी, नजीकच्या काळात शस्त्रक्रिया ठरली आहे का. नाल्ट्रेक्सोन घेत असताना मॉर्फिनसारखी वेदनाशामके काम करत नाहीत, म्हणून पाकिटात ‘मी नाल्ट्रेक्सोन घेतो’ अशी चिठ्ठी असावी.

नाल्ट्रेक्सोन आणि डायसल्फिराम यांची गल्लत होते, ती टाळावी. डायसल्फिराम ओपिऑइडला हात लावत नाही. ते शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साठवते, त्यामुळे वर दारू घेतल्यास चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड आणि रक्तदाब कोसळणे असा धोकादायक त्रास होतो. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती देऊन विकल्या जाणाऱ्या पुड्यांत काय आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि ती पुडी चहात किंवा आमटीत मिसळून दिली, तर हृदयविकार असलेल्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो. रुग्णाला माहिती देऊन, त्याच्या संमतीने आणि घरच्या देखरेखीखाली डायसल्फिराम घेणे ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हाही आसवे-अरिष्टे टाळावी लागतात, कारण त्यांत अल्कोहोल असते.

लैंगिक संप्रेरकांच्या तपासण्या लवकर करू नका

दीर्घकाळच्या दारूने वृषणांतील टेस्टोस्टेरॉनची निर्मिती घटते, मेंदूतून येणारा इशाराही मंदावतो आणि यकृत बिघडलेले असल्यास स्त्री-संप्रेरकांचे प्रमाण तुलनेने वाढते. पुरुषांत लैंगिक दुर्बलता व छातीची वाढ, तर स्त्रियांत अनियमित पाळी आणि गर्भधारणेतील अडचणी यातून उद्भवतात. दारू सोडल्यानंतर पंधरा दिवसांतच हार्मोनची तपासणी करून घाबरण्यात अर्थ नाही. तीन महिने पूर्ण संयमात गेल्यावर ती करावी, आणि बाजारातील ‘ताकदीची’ औषधे तर मुळीच घेऊ नयेत. थायरॉइडच्या किंचित बदललेल्या आकड्यांनाही हेच लागू पडते.

मध्येच पाय घसरला तर

एकदा घेतली गेली म्हणजे सारे संपले, असे मानून चार दिवस सलग पिणे हा नेहमीचा क्रम असतो. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीचे प्रमाण आता अधिक घातक ठरते. एका दिवसात थांबता आले तर त्याच दिवशी समुपदेशकाला किंवा एएतील मित्राला फोन करावा, डॉक्टरांना विचारून औषधे चालू ठेवावीत आणि दुसऱ्या संध्याकाळी ठरलेल्या वेळी चालायला जावे. पिणे अनेक दिवस सलग झाले असेल, तर पुन्हा एकदम बंद न करता पहिल्या पाच दिवसांची सारी खबरदारी नव्याने घ्यावी लागते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कोणता तरी उपचार मिळालेला आहे. उपचारासाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, १९८६ पासून पुण्यात चालणाऱ्या मुक्तांगणसारखी केंद्रे आणि १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन उपलब्ध आहे. पहिल्यांदा गेलेल्या ठिकाणी पुन्हा जायला लाज वाटत असेल, तर दुसरीकडे जावे, पण जुनी औषधे आणि तपासण्यांची फाइल सोबत न्यावी, म्हणजे कोणत्या औषधाचा किती उपयोग झाला हे नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत कळेल.